बिघडलेले कुत्रे आणि त्याचे गुरू

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती म्हण खरे तर माणसाच्या खोडीविषयी आहे. पण आपण ती कुत्र्याच्या वळणालाही लावून टाकली आहे. घरचे कुत्रे पाहुण्याच्या अंगावर धावून गेले, त्याने चपला फाडल्या, रात्रभर भुंकून शेजाऱ्यांची झोप मोडली, की ‘जातच तशी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला आज याच्या उलट सांगावयाचे आहे. बिघडलेले कुत्रे हे बहुधा न शिकलेले कुत्रे नसते. ते पुष्कळ शिकलेले असते, आणि त्याचे गुरू आपणच असतो.

आदिलाबादेत आमच्या गल्लीत राजा नावाचा एक अल्सेशियन कुत्रा होता. पाच आठवड्यांचा असताना त्याला आणले, तेव्हा सारी गल्ली त्याला पाहावयास लोटली होती. तिसऱ्या वर्षी त्याने दूध घालावयास येणाऱ्या एका मुलाच्या पोटरीचा चावा घेतला. घरच्या मंडळींनी एका रात्री त्याला मोटारीत घातले, पैनगंगेचा पूल ओलांडला आणि पलीकडे सोडून दिले. मुलाची जखम यथावकाश भरली. राजाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही. पण तो असा का झाला, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पहिली चूक त्याला आणण्यातच झाली होती. पाच आठवड्यांचे पिल्लू आपल्या भावंडांशी खेळत असते. खेळताना जोराने चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबवते; आईही दटावते. दात किती लावावा याचे शिक्षण पिल्लाला तेथे मिळते. निदान आठ आठवडे तरी त्याला आईपासून तोडू नये, ते याकरिता. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जे पाहते, ज्यांच्यात वावरते, ते त्याला आपले वाटू लागते, असे त्यांना आढळले. या काळात ज्याने मुले, म्हातारी माणसे, सायकली, बंड्या, छत्र्या पाहिल्या नाहीत, त्याला पुढे हे सारे परके आणि भयंकर वाटते. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये हे खरे. पण कडेवर घेऊन चार ठिकाणी हिंडवावयास कोणाची हरकत आहे? राजाने मात्र फाटकाच्या आतले जगच तेवढे पाहिले.

दुसरे कारण आमच्या या जिल्ह्यात विशेष आढळते. येथे एकेका घरात तीन-चार भाषा सहज नांदतात, आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण बिचाऱ्या कुत्र्याची दशा पाहा. आजी म्हणते ‘बस’, गडी म्हणतो ‘कूर्चो’, वडील म्हणतात ‘बैठ’ आणि इंग्रजी शाळेत जाणारा नातू म्हणतो ‘सिट’. त्यातही गंमत अशी की, आजीचे ‘बस’ म्हणजे खाली बैस, आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याचे ‘बस’ म्हणजे पुरे कर! कुत्र्याला व्याकरण कळत नाही. त्याला एक ठरावीक आवाज आणि त्याच्यामागून येणारे फळ एवढेच कळते. घराने एक शब्द ठरवावा. तो तेलुगू असो की मराठी, कुत्र्याची तक्रार नाही. नियमांचेही तसेच आहे. आई ज्या पलंगावरून हाकलते, त्याच पलंगावर मुलगा लाडाने घेऊन निजतो, तेव्हा कुत्र्याने कोणाचे ऐकावे?

तिसरे कारण म्हणजे आपण नकळत देत असलेली बक्षिसे. ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरे आणि कुत्री पेटीत कोंडून केलेल्या प्रयोगांवरून दाखविले. आपण जेवावयास बसतो, कुत्रे भुंकते, आणि त्याने गप्प बसावे म्हणून आपण त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकतो. आपल्या दृष्टीने ती लाच. त्याच्या दृष्टीने ती भुंकण्याची मजुरी. टपालवाला येतो, कुत्रे भुंकते, टपालवाला पत्र टाकून निघून जातो. तो आपल्या कामासाठी गेला, हे कुत्र्याला कोठून कळणार? आपल्या भुंकण्याने शत्रू पळाला, असेच ते समजते, आणि दुसऱ्या दिवशी अधिक जोराने भुंकते. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती भूतदया वंदनीयच आहे. पण संसारी माणसाने रोज तसे केले, तर कुत्रे पोळी पळविण्यात पारंगत होईल, यात शंका नाही.

चौथी गोष्ट शिक्षेची. सकाळी फाडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी बसणाऱ्या माराचा त्या चपलेशी कुत्र्याच्या मनात काहीही संबंध जुळत नाही. धनी घरी आला की मार बसतो, एवढेच ते शिकते. ‘पण ते अपराध्यासारखे तोंड करते ना!’ असे आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली ही समजूत पारखून पाहिली. कुत्र्याने काही केलेले असो वा नसो, धन्याने रागे भरले की त्याचे तोंड तसे होते, असे त्यांना दिसले. तो पश्चात्ताप नव्हे, आपल्या चढलेल्या आवाजाला दिलेले ते उत्तर होय. भीतीने शिकविलेले कुत्रे गुरगुरणे सोडते, आणि मग न गुरगुरताच चावते.

शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे साखळी आणि रिकामपण. जैनद, बेला या भागांतील कपाशीच्या शेतावरचे गावठी कुत्रे पाहा. पहाटे ते बंडीमागून शेतात जाते, दिवसभर बांधावरून हिंडते, रात्री मचाणाखाली बसून रानडुकरांची चाहूल घेते. त्याला काम आहे, सोबत आहे, म्हणून त्याचे डोके सहसा ठिकाणावर असते. उलट रानात मेंढ्या वळण्यासाठी निपजलेली जात आपण विकत आणतो आणि फाटकाशी चार हात साखळीने बांधून ठेवतो. समोरून जग जाते, मुले खडे मारतात, आणि त्याला ना पळता येते, ना जवळ जाता येते. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे हिंडविण्याची हयगय करणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला आहे, हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी माणसालाही सावली पुरत नाही. म्हणून कुत्र्याला पहाटे आणि दिवेलागणीनंतर हिंडवावे, आणि मधल्या वेळी गार जागा व पाणी द्यावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शांत कुत्रे एकाएकी चिडके झाले, तर आधी दुखणे शोधावे, पशुवैद्याला दाखवावे. तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि ती पुढेही वेळेवर देत जावी. कुत्रे कोणाला चावलेच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, दवाखाना गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

राजाच्या बाबतीत यांपैकी प्रत्येक चूक झाली होती, आणि एकही चूक त्याची नव्हती. तो लवकर आणला गेला, त्याला चार तोंडांनी चार हुकूम मिळाले, दूधवाल्या मुलावर भुंकला की ‘शाब्बास’ मिळाली, आणि उरलेला वेळ तो साखळीला होता. ज्या दिवशी तो चावला, त्या दिवशी त्याने आम्ही शिकविलेला धडा न चुकता म्हणून दाखविला होता. धडा देणारे घरी राहिले आणि म्हणणारा नदीपार गेला. त्या मुलाच्या पोटरीवर वण मात्र अजून आहे.

पिल्लू घरी आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे, आणि शब्द कोणते, नियम कोणते, हिंडवावयास कोण नेणार, हे ठरवावे. तेवढे जमत नसेल, तर कुत्रे न पाळणे हीच त्याच्यावरची मोठी दया ठरेल.