किशोरांच्या मैदानावरील पंच



‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण मराठी समाजमनात खोल रुजलेली आहे. गावाने आपला तंटा ज्यांच्यापुढे ठेवावा आणि ज्यांचा शब्द प्रमाण मानावा, ते पंच. कबड्डीच्या मैदानावर निर्णय देणाऱ्यालाही मराठीने हेच नाव दिले, हे अर्थपूर्ण आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घराबाहेरचा न्याय बहुधा प्रथम भेटतो तो शिट्टी घेतलेल्या पंचाच्या रूपाने. न्याय निःपक्षपाती असतो की ओळखीपाळखीचा, हे तो तेथेच शिकतो आणि तीच समजूत घेऊन पुढे समाजात वावरतो.

एकेकाळी हुतूतूचे नियम गावागणिक बदलत. नियमांना एकरूपता आली, म्हणूनच हा देशी खेळ दूरवर पोहोचू शकला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक घडविले. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले. परंतु नियम पुस्तकात निर्जीव असतो. त्याला प्राण देतो तो पंच.

किशोर गटातील पंचाचे पहिले कर्तव्य गुण मोजण्याचे नसून कोवळी शरीरे जपण्याचे आहे. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून दम तोडणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे यांना नियमाने मनाई आहे. असा प्रकार प्रथम घडताच शिट्टी वाजली पाहिजे आणि मुलाला दोन शब्दांत कारण कळले पाहिजे. पहिल्या वेळी केलेला कानाडोळा दुसऱ्या वेळी एखाद्याचा गुडघा घेऊन जातो.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. निर्णय चुकल्याचे ध्यानात आले की पुढचा संशयास्पद गुण त्या संघाला देऊन ‘भरपाई’ करण्याचा मोह होतो. वरकरणी ती न्यायबुद्धी वाटते. प्रत्यक्षात एका चुकीच्या दोन चुका होतात. त्यातून मुले एवढेच शिकतात की, निर्णय मागून मिळतो, आरडाओरडा करून मिळतो.

कबड्डीतील निसटता स्पर्श पुष्कळदा पंचाच्या दृष्टीस पडत नाही. तो ठाऊक असतो फक्त त्या दोघांना. अशा वेळी एखादा किशोर स्वतःहून हात वर करतो आणि बाद होऊन बाहेर जातो. संघाचा गुण जातो, प्रशिक्षक चिडतो, प्रेक्षक हळहळतात. त्या क्षणी पंचाने त्याच्याकडे पाहून दिलेली आदराची एक मान संस्कारवर्गातील अनेक बौद्धिकांइतकी मोलाची ठरते. हा सन्मान झाला नाही, तर पुढच्या वेळी तो हात वर येणार नाही.

याउलट, किशोर गटात वय चोरून मुलाला उतरविणारे मोठेही असतात. येथे अपराध मुलाचा नव्हे, त्याच्या हाती खोटा दाखला देणाऱ्यांचा असतो. पंचाने हरकत जरूर नोंदवावी, मात्र मुलाची जाहीर मानहानी करू नये. नियम कठोर असावा, नियम राबविणारा निष्ठुर नसावा.

खरी कसोटी लागते ती आपल्याच गावाचा, आपल्याच संस्थेचा संघ मैदानात असतो तेव्हा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्ताधारी राघोबादादांनाच दोषी ठरविले. तेव्हा प्रश्न राज्याचा होता. किशोरांच्या सामन्यात तो एका गुणाचा असतो. परंतु जो एका गुणासाठी झुकतो, तो मोठ्या प्रसंगी ताठ उभा राहील अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

सामना चाळीस-पन्नास मिनिटांत आटोपतो, चषक कपाटात जातो, गुणफलक पुसला जातो. मुलांच्या मनावर उमटलेला न्याय मात्र पुसला जात नाही. अनुशासित आणि न्यायप्रिय समाज घडवायचा असेल, तर त्याचा पाया याच धुळीच्या मैदानावर, याच शिट्टीने घातला पाहिजे.