समभाग कोणाच्या हाती?



मराठी मध्यमवर्गीय घरात बचतीच्या जागा पिढ्यानपिढ्या ठरलेल्या होत्या : पोस्टातील बचतपत्रे, बँकेतील मुदत ठेव, विमा आणि थोडे सोने. शेअर बाजाराचे नाव निघाले की वडीलधारी मंडळी ‘सट्टा’ म्हणून विषय मिटवीत. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणाने त्या संशयाला बळच दिले. आज चित्र पालटले आहे. नुकताच नोकरीला लागलेला मुलगा घरबसल्या भ्रमणध्वनीवर खाते उघडतो आणि रात्री जेवताना सांगतो, “बाबा, शेअर घेतले.” वडील विचारतात, “ठेवलेस कुठे?” मुलगा ब्रोकरच्या ॲपचा पडदा पुढे करतो. वडिलांचा प्रश्न अचूक आहे. उत्तर मात्र अपुरे आहे. कारण पडद्यावर दिसते ती केवळ नोंद. समभाग खरोखर कुठे आहेत आणि ते हलविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे जाणणे ही गुंतवणुकीची पहिली पायरी होय.

पूर्वी समभाग म्हणजे कागदी प्रमाणपत्र असे. ते नावावर करण्यासाठी कंपनीकडे पाठवायचे आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची. कधी ‘सही जुळत नाही’ म्हणून ते परत येई, कधी टपालात गहाळ होई, तर कधी बनावट निघे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने या जाचातून सुटका केली. त्याच वर्षी एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल या दोन डिपॉझिटरी कामाला लागल्या. दोहोंची मुख्यालये मुंबईत आहेत. गुंतवणूकदाराचे समभाग त्याच्या नावाच्या डिमॅट खात्यात, या दोहोंपैकी एका संस्थेत असतात. ब्रोकर हा मध्यस्थ आहे. तो मागणी बाजारात नोंदवितो आणि बहुधा डिपॉझिटरीचा प्रतिनिधी म्हणून खातेही सांभाळतो. २७ जानेवारी २०२३ पासून खरेदीनंतर कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी समभाग खात्यात जमा होण्याची व्यवस्था देशभर पूर्णपणे लागू झाली.

मालक कोण आणि मध्यस्थ कोण, हा भेद विसरला की काय होते, ते २०१९ मध्ये दिसले. हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंग या मोठ्या पेढीविरुद्ध ‘सेबी’ने २२ नोव्हेंबर रोजी आदेश काढला. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे समभाग तारण ठेवले गेले आणि त्यावर कर्जे उचलली गेली, असे त्या आदेशात म्हटले होते. डिसेंबरच्या आरंभी सुमारे ८३ हजार ग्राहकांचे समभाग त्यांच्या खात्यांत परत आले. पुढे नियम कठोर झाले. २०२० पासून तारण ठेवलेले समभाग ग्राहकाच्याच खात्यात राहतात आणि तारणास त्याची संमती लागते. २०२२ मध्ये मुखत्यारपत्राच्या जागी ‘डीडीपीआय’ हे मर्यादित अधिकाराचे पत्र आले. तेही देणे सक्तीचे नाही. सीडीएसएलच्या खात्यात ते न देता, विक्रीच्या वेळी टी-पिन आणि ओटीपी वापरून स्वतः संमती देता येते. नवख्याने हाच मार्ग धरावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतः पडताळणी करावी. डिपॉझिटरी व्यवहार झालेल्या महिन्याचे, एरवी सहा महिन्यांचे एकत्रित विवरणपत्र पाठविते. ते ब्रोकरच्या आकड्यांशी ताडून पाहावे. खात्याला जोडलेला भ्रमणध्वनी आणि ई-मेल आपलाच असावा. कोणा एजंटाचा किंवा ‘मदत करणाऱ्या’ ओळखीच्या माणसाचा नसावा.

ब्रोकर बदलायचा तर समभाग विकावे लागतील, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. एका डिमॅट खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात समभाग जसेच्या तसे नेता येतात. मालक बदलत नाही, म्हणून भांडवली नफ्यावरील करही लागत नाही. त्यासाठी डीआयएस पुस्तिकेतील चिठ्ठी भरून द्यावी, किंवा सीडीएसएलची ‘ईझीएस्ट’ व एनएसडीएलची ‘स्पीड-ई’ ही ऑनलाईन सुविधा वापरावी. नव्या खात्याचा सोळा अंकी-अक्षरी क्रमांक आणि समभागाचा बारा अक्षरी आयएसआयएन दोनदा तपासावा. संयुक्त खात्यातील नावे व त्यांचा क्रम दोन्हीकडे सारखा हवा. खाते बंद करून सर्व समभाग आपल्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात नेताना हस्तांतराचे शुल्क घेता येत नाही. खरेदीची तारीख व किंमत मात्र नव्या ब्रोकरकडे आपोआप पोहोचेलच असे नाही. कराचा हिशेब त्यावरच होतो, म्हणून जुनी काँट्रॅक्ट नोट जपून ठेवावी. आणि डीआयएस पुस्तिका म्हणजे चेकबुकच. कोऱ्या चिठ्ठीवर सही कधीही करू नये.

घरातल्या घरात हस्तांतराचे प्रश्नही उद्भवतात. वडिलांनी मुलाला समभाग भेट दिले, तर मुलाला त्या भेटीवर कर नाही. पण पुढे विकताना वडिलांची खरेदी किंमत आणि तारीख धरली जाते. वारसाच्या बाबतीत नामनिर्देशन अवश्य करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. नामनिर्देशित व्यक्ती समभागांची पूर्ण मालक ठरत नाही, वारसांचे हक्क कायम राहतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. म्हणून मृत्युपत्रही हवे. ट्रंकेत जुनी कागदी प्रमाणपत्रे असतील, तर ती डिमॅट करून घ्यावीत. एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी समभागांचे सर्वसाधारण हस्तांतर बंद झाले आहे. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही, तर समभाग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथून ते परत मिळविता येतात, पण खटाटोप मोठा असतो.

राहिला मोहाचा प्रश्न. ॲपमध्ये गुंतवणुकीशेजारीच फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे दार उघडे असते. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तेथे उतरलेल्या दर १०० वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. दुसरा सापळा बनावट ॲपचा. ‘खात्रीचा नफा’ सांगणारा गट कोणा व्यक्तीच्या खात्यात पैसे भरायला सांगतो. पडद्यावर नफा वाढत जातो, पण रक्कम काढू म्हटले की नवनवी शुल्के निघतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी ब्रोकरची नोंदणी ‘सेबी’च्या संकेतस्थळावर पाहावी. नोंदणीकृत पेढीने दाद दिली नाही, तर ‘स्कोअर्स’वर तक्रार करावी.

घामाचा पैसा बाजारात जातो, तेव्हा तो देशातील उद्योगाचे भांडवल होतो आणि बचत करणारा त्या उद्योगाचा भागीदार होतो. भागीदाराने आपल्या वाट्याचा हिशेब स्वतः पाहणे हा त्याचा हक्क आहे, आणि तितकेच त्याचे कर्तव्यही. वर्षातून एखादा रविवार सर्व विवरणपत्रे घेऊन कुटुंबाने एकत्र बसावे. कोणते समभाग कोणाच्या नावे आहेत, कोणत्या खात्यात आहेत, नामनिर्देशन कोणाचे आहे, हे घरातील स्त्रियांसह प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असावे. ज्या घरात हा हिशेब एकाच्याच डोक्यात असतो, तेथे त्याच्यामागे बाकीच्यांवर कचेऱ्यांचे उंबरे झिजविण्याची वेळ येते. ती येऊ न देणे घराच्याच हाती आहे.