आमच्या घरची दोन लग्नं आणि त्यांचे फोटो

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट लिहून काढलं आहे.)



चिटणीसांनी आम्हाला व्यासपीठावर उभं केलं त्याचं कारण मुलीच्या लग्नात त्यांनी विचारलेला एक प्रश्न. जेवणाच्या पंगतीत त्यांनी हळूच विचारलं, "फोटोग्राफर एकच दिसतोय. बाकीचे रात्री येणार का?" बाकीचे नव्हतेच. तेव्हा ते म्हणाले, हे एकदा मंडळात सांगा. आम्हाला भाषणाची सवय नाही, तेव्हा घडलं तसंच सांगतो.

सुरुवात मुलाच्या लग्नापासून करावी लागेल. फेब्रुवारी 2019. सूनबाईंचं माहेर देवासचं. घरातलं पहिलं लग्न, त्यामुळे कशालाच नाही म्हणायचं नाही असं ठरलेलं. फोटोवाल्याकडे गेलो तर त्याने एक चकचकीत पुस्तिका पुढे ठेवली. दोन कँडिड, दोन साधे, दोन व्हिडिओवाले, क्रेन, ड्रोन, स्टेजमागे एलईडीची भिंत आणि लग्नाआधी मांडूला जहाज महालापाशी एक दिवसाचं शूटिंग. तीन दिवसांचे 2,40,000 रुपये. आम्ही मान डोलावली. खालच्या ओळीत बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' लिहिलं होतं, ते बिल आल्यावर वाचलं. 18 टक्के म्हणजे 43,200 रुपये. त्यांच्या माणसांचं जेवण, राहणं आणि मांडूची गाडी हे आणखी निराळं.

आणि गंमत अशी की देवासकरांनीही आपला फोटोग्राफर आणला होता. ते साहजिकच, लग्न त्यांच्या मुलीचं. होमापाशी आठ-नऊ कॅमेरे, एकमेकांच्या मध्ये येणारे, एकमेकांवर डाफरणारे. भटजींना तूप वाढायला हात पुढे करता येईना.

आता मुख्य दुखणं. आपण इथे चार-पाच पिढ्या राहतोय, पण इथल्या फोटोवाल्यांना आपलं लग्न माहीत नाही. त्यांचा हात बसलाय बारात, जयमाला आणि फेरे यांवर. यात त्यांचा दोष नाही, रोज तीच लग्नं करतात. मंगलाष्टकं चालू असताना आमचे सहाही जण खाली उभे होते, काहीतरी लांबलचक गाणं चाललंय अशा समजुतीने. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, पाहुण्यांनी मोबाईल वर केले, आणि त्या दोन-तीन सेकंदांत आमच्या मुलाने आणि सुनेने एकमेकांकडे पाहिलं, त्याचा फोटो एकाही कॅमेऱ्यात नाही. दोघांनी हार घातले, आणि मग मुख्य फोटोग्राफर धावत येऊन म्हणतो, "अंकल, जयमाला एक बार और करवा दीजिए." हार काढून पुन्हा घालायला लावले हो! अल्बममध्ये तोच फोटो आहे, दोन पानं भरून. कानपिळी हुकली. सूनमुख पाहताना आरशात कॅमेरावालाच दिसतो. ड्रोनने मात्र कार्यालयाची गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि पार्किंग फार स्वच्छ टिपलं आहे.

एवढ्यावर निभावलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. माई, म्हणजे आमच्या घरातली सर्वांत मोठी, तेव्हा 84 वर्षांची होती. हिरवी इरकल नेसून दिवसभर पहिल्या रांगेत बसली होती. ती जूनमध्ये गेली. दहाव्याच्या आदल्या रात्री आम्ही हार्डडिस्क लावून बसलो. 6,300 फोटो. माई अकरा फोटोंत सापडली. तीनांत पाठमोरी, चारांत क्रेनवाल्याच्या खांद्यामागे, उरलेल्यांत दूर आणि धूसर. शेवटी पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला पासपोर्ट फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आजही तोच आहे. आमच्याकडे आलेल्यांनी पाहिला असेल, फोटोत माई बँकेच्या साहेबावर रागावल्यासारखी दिसते.

त्याच दिवसांत माईच्या ट्रंकेत तिच्या लग्नाचे फोटो मिळाले. 1955 सालचे. त्या वेळच्या चौकोनी फोटोंच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत. आजोबांनी एकच रोल परवडेल असं सांगितलं होतं, ही गोष्ट माई नेहमी सांगायची. म्हणजे फोटोवाला दर वेळी विचारायचा, आता कोणाचा? आणि घरातलं कोणीतरी विचार करून उत्तर द्यायचं. त्या बारांतले सात उरलेत. एकात अंतरपाट अर्धा खाली आहे. रामबागेतल्या त्या अंधाऱ्या वाड्यात, दिवसाच्या उजेडात, त्या माणसाने तो क्षण कसा पकडला कोण जाणे. पण त्याला तो यायचा आहे हे माहीत होतं, एवढं नक्की.

म्हणून मुलीचं ठरलं तेव्हा आम्ही आधी आकडा ठरवला नाही, आधी यादी केली. पण यादीच्याही आधी मुलीशी बोलावं लागलं, आणि ते सोपं नव्हतं. ती म्हणाली, "दादाच्या वेळी क्रेन आणि माझ्या वेळी काटकसर?" अगदी बरोबर बोलली. मुलाला एक आणि मुलीला एक असं आमच्या घरात झालं नाही आणि व्हायलाही नको. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. मग आम्ही जुनं बिल काढलं, तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, यातले दोन लाख तुझ्या एकटीच्या नावाने मुदत ठेवीत टाकतो, उरलेल्यात फोटो करू, आणि फोटोग्राफर तू निवड. तिने रात्रभर विचार केला. सकाळी पोहे खाताना म्हणाली, "महेश्वरला घाटावर एक सकाळ तरी हवी." ती दिली. दोघं त्याच्या मित्राबरोबर गेले, पेट्रोल आणि नाश्ता एवढाच खर्च.

दुसरं बोलणं व्याह्यांशी. ते ग्वाल्हेरचे, लष्करातले जुने घराणे. आमच्यात लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा ठरला होता, पण फोटोग्राफर ज्याचा त्याचा, असा रिवाज. आम्ही विहीणबाईंना फोन केला आणि जरा चाचरतच विचारलं, "एकच माणूस दोघांनी मिळून ठेवला तर तुम्हाला चालेल का? त्याने तुमच्याकडच्या माणसांचेही तितकेच फोटो काढायचे, आणि सगळे फोटो एकाच दिवशी दोन्ही घरी." त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "बाई, आमच्या थोरल्याच्या लग्नातला आमचा अल्बम मी अजून पूर्ण पाहिलेला नाही." खर्च निम्मा झाला तो या एका फोनने. बाकीच्या युक्त्या त्यापुढे चिल्लर आहेत.

तिसरी गोष्ट वेळेची. फोटोवाला फोटो विकत नाही, तास आणि माणसं विकतो. माळव्यातली बहुतेक लग्नं रात्रीची. त्याची रात्र महाग, कारण तिला गिऱ्हाईक आहे. आपलं लग्न सकाळचं. मुहूर्त साडेअकराचा, चारला कार्यालय रिकामं. आम्ही मुलीने निवडलेल्या फोटोग्राफरला सांगितलं, सकाळी आठ ते दुपारी चार, त्यानंतर तू मोकळा, संध्याकाळचं दुसरं काम घे. त्याने लगेच दर उतरवला. शिवाय दिवसाचा उजेड, म्हणजे मोठे दिवे आणि ते धरणारी पोरं नकोत. आपल्या आजोबा-पणजोबांची पद्धतच स्वस्त होती हो. संगीत, मेंदी आणि रात्रीचं रिसेप्शन जोडून आपणच ती महाग केली. आम्ही हळद केली, हौसेने केली, पण तिचे फोटो भाचे कंपनीने मोबाईलवर काढले आणि ते छान आहेत. हळदीत सगळे नाचतात, कोणाचाही फोटो बरा येतो.

भाच्यांवरून आठवलं. 'आपल्या अमक्याकडे चांगला कॅमेरा आहे, त्यालाच सांगू' हे मुख्य दिवसासाठी करू नका. नात्यातल्या एका मुंजीत आम्ही ते पाहिलं. पोरगा बिचारा दिवसभर उपाशी, मातृभोजनाच्या वेळी बॅटरी संपलेली, आणि तो स्वतः एकाही फोटोत नाही. चांगल्या कारागिराला चांगले पैसे द्यावेत. आपल्या इंदूरला तर ते शोभतं. लाला दीनदयाळ इथेच सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि 1870 च्या दशकात इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा केलं, पण सुरुवात आपली!

तर यादी. लग्नाच्या पंधरा दिवस आधी फोटोग्राफरला घरी बोलावलं, चहा दिला आणि हिंदीत लिहिलेला कागद हातात ठेवला. विधी नऊच. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: काय होणार, किती वेळ टिकणार, तू कुठे उभा राहायचंस. 'मंगलाष्टक: आखिरी सावधान पर पर्दा नीचे आएगा, तीन सेकंड, स्टेज पर पंडितजी के बगल में रहना, हार दोबारा नहीं पहनाएँगे.' 'कानपिळी: दुल्हन का भाई दूल्हे का कान मरोड़ेगा, भाई को पहचान लो.' त्याने आमच्या मुलाकडे नीट पाहून घेतलं. मग स्वतःच विचारू लागला, लाजाहोमाला कुठल्या बाजूने येऊ, सूनमुखाला आरसा कोणाच्या हातात असतो. म्हणाला, मला आजवर कोणी हे सांगितलंच नव्हतं. विहीणबाईंना सांगून आम्ही भटजींशीही बोललो. अंतरपाट हळू खाली घ्या म्हटलं. भटजी म्हणाले, मुहूर्ताला हळू कसं? पण घेतला.

कागदाच्या मागच्या बाजूला माणसं. दोन्हीकडची मिळून बावीस नावं, 75 च्या वरची सर्वांत आधी. साडेनऊला, सीमांतपूजन झाल्यावर आणि गर्दी व्हायच्या आत, खिडकीजवळ दोन खुर्च्या मांडल्या. मुलीच्या आत्याला एवढंच काम दिलं, एकेकाला हाक मारून आणायचं. फोटोग्राफरला कोण मामेआजे आणि कोण शेजारी हे कसं कळणार? पाऊण तासात बावीस जण झाले. स्टेजवर पाकीट देतानाचे फोटो आम्ही ठेवले, लोकांना ते लागतात, पण मदतनिसाने काढले आणि अल्बममध्ये घेतले नाहीत.

व्हिडिओसाठी एकच कॅमेरा, एका जागी स्टँडवर, आणि आवाज थेट माइकच्या यंत्रातून घेतलेला. चार तासांचा, गाणी न घातलेला. तो आम्ही पाहत नाही, ऐकतो. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांपैकी दोघींचे आवाज आता ऐकायला मिळणं कठीण आहे.

खर्च सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. फोटो 55,000, व्हिडिओ 18,000, अल्बम आणि सुटे फोटो 15,000, ग्वाल्हेरला गृहप्रवेशाच्या तीन तासांसाठी तिथलाच एक जण 8,000. एकूण 96,000, सगळं धरून. निम्मे आमचे, 48,000. अल्बममध्ये पैसे पानागणिक चढतात, म्हणून चाळीसच्या जागी वीस पानं घेतली आणि पान लहान केलं. मांडीवर मावतो. मुलाचा अल्बम उघडायला दोन माणसं लागतात.

थोडं कागदपत्रांचं. करार वाचून सही करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक आपणच असतो, करारात उलट लिहिलेलं नसेल तर. बऱ्याच छापील करारांत उलट लिहिलेलं असतं. आम्ही ती ओळ खोडायला लावली, आणि न विचारता मुलीचे फोटो इंटरनेटवर टाकणार नाही हे लिहून घेतलं. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकाच वेळी भरतात का, हेही विचारा. आणि फोटो हातात आले की आठवड्यात दोन प्रती, दोन निरनिराळ्या गावी. मुलाच्या लग्नाची हार्डडिस्क परवा लावली तर उघडतच नाही. फोटोवाला म्हणतो, सहा महिन्यांनी आम्ही पुसून टाकतो, करारात होतं. होतं खरंच. ते 6,300 आता अल्बमात छापले तेवढेच उरले.

मुलीला विचारलं, कसे वाटले फोटो? ती म्हणाली, क्रेन हवी होती. मग हसली. कान पिळतानाचा फोटो तिने ग्वाल्हेरला बैठकीत लावला आहे. जावईबुवांचा चेहरा त्यात पाहण्यासारखा आहे.

त्या हिंदी यादीच्या चाळीस झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, घरोघरचे विधी थोडे वेगळे असतात तेव्हा आपापले बदल करून घ्या. अल्बमही आणला आहे. फक्त हात पुसून मग बघा, आत्ताच सगळ्यांचे उकडीचे मोदक झालेत आणि तूप सढळ होतं.