दादर लिहिलं, गागढ उमटलं

आज गिरगावातून चालत लॅमिंग्टन रोडला जाऊ. तिथे सोळा बटणांचा पातळ कीपॅड सहज मिळतो. बटणं १६, वायरी फक्त ८. चार आडव्या रो, चार उभे कॉलम. बटण दाबलं की एक रो आणि एक कॉलम जोडले जातात. रास्पबेरी पाय एकेक रो ग्राउंडला आणतो आणि कुठला कॉलम खाली आला ते बघतो. (पिनला ३.३ व्होल्टच हं, ५ दिलेत तर बोर्ड गेला समजा.)

एका वेळी एक बटण, तोवर सगळं छान. पण मला ब्रेल लिहायचं होतं. दादरला अंध मुलींची कमला मेहता शाळा १९०० पासून आहे. अशा मुलींना घरी सरावाला स्वस्तात काही बनेल का, हा विचार.

ब्रेलची सहा टिंबं. डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६. अक्षराची सगळी टिंबं एकदम दाबायची. आता बटणं तशीच मांडली तर? 'द' म्हणजे १-४-५. चौकोनाचे तीन कोपरे जोडले की करंट वळसा घालतो आणि बोर्डाला चौथं, २ नंबरचं बटणही दाबलेलं दिसतं. १-२-४-५ म्हणजे 'ग'! 'र' लिहिताना तर सहाही टिंबं भरतात, झाला 'ढ'. दादरचं गागढ. आणि त्या मुलीला वाटणार, आपलंच बोट चुकलं. मला खुपतं ते हे.

पुस्तकी उपाय म्हणजे प्रत्येक बटणाला एक डायोड, १एन४१४८. पण तयार कीपॅड चिकटवलेला असतो, डायोड घालणार कुठे?

त्यापेक्षा बटणं निवडा. पहिल्या रोमधली २, ३, ए. पहिल्या कॉलममधली ४, ७ आणि स्टार. कोपऱ्यातलं १ सोडायचं. यांतली कुठलीही तीन घ्या, चौकोनाचे कोपरे होतच नाहीत. बोटं जरा वाकडी होतात, सरावाला चालेल. रोजच्या वापराला मात्र सहा सुटी बटणं, सहा पिन आणि ग्राउंड. मॅट्रिक्सचा हट्ट कशाला?

कोडमध्ये एक बघा. पहिलं बटण सापडताच थांबणारी लायब्ररी नको. आणि सगळी बोटं उठल्यावरच अक्षर छापा, नाहीतर १ वरचं बोट आधी टेकलं की 'द'ऐवजी 'अ' येईल.