न दुखणारें दुखणें

मी वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. तेव्हां रक्तदाबासारख्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असें कोणी विचारलें, तर उत्तर एवढेंच कीं, हा धडा मी घरांतच, आणि फार महाग फी भरून, शिकलों आहें.

हृदय आकुंचन पावतें तेव्हां धमन्यांच्या भिंतींवर रक्ताचा जोर अधिक पडतो. दोन ठोक्यांमध्यें तें सैल पडतें तेव्हां तो उतरतो. डॉक्टर '१२० वर ८०' म्हणतात ते हेच दोन आंकडे. पाऱ्याला इतके मिलिमीटर वर उचलून धरण्याइतका तो जोर असतो. स्टीफन हेल्स नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत नळी बसवून तिला कांचेची उंच नळी जोडली, तों रक्त तींत आठ फुटांहून अधिक वर चढलें! हा प्रयोग त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या सुदैवानें १८९६ सालीं इटलींतील रीव्हा-रोच्ची यानें दंडाला गुंडाळावयाची हवेची पट्टी काढली, आणि १९०५ सालीं कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्यानें त्या पट्टीखालीं नळी लावून ठोके ऐकण्याची युक्ति सांगितली. म्हणून आज रक्ताचा थेंबहि न सांडतां हें काम दोन मिनिटांत होतें.

परंतु मोजावयास जातो कोण? दाढ दुखूं लागली तर माणूस मध्यरात्रीं उठून लवंग शोधतो. वाढलेला दाब बहुधा दुखतच नाहीं. तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें धमन्या कठीण करीत असतो, मूत्रपिंडांतील बारीक वाहिन्या झिजवीत असतो, हृदयाचा स्नायु जाड करीत असतो. आणि त्या माणसाचें जेवण, झोंप, फिरणें सारें यथास्थित चाललेलें असतें. अमेरिकेचे अध्यक्ष रूझव्हेल्ट यांचा दाब कित्येक वर्षें चढत होता. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले, तेव्हां तो ३०० च्या घरांत गेला होता. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखालाहि देण्यासारखें खात्रीचें औषध त्या काळीं नव्हतें. पुढें चारच वर्षांनीं, १९४९ सालीं, मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा रुग्णांवर आलेला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें मांडला, आणि पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष त्या मुळीकडे वेधलें. आज तिची जागा शरीराला अधिक सोसणाऱ्या औषधांनीं घेतली आहे. म्हणजे रूझव्हेल्टांना जें मिळालें नाहीं तें आतां कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतें.

माझ्या थोरल्या बंधूंनाहि तें मिळत होतें. दादा हिशेबाचे पक्के. दोन महिने गोळ्या घेतल्यावर दाब उतरला, तेव्हां "आतां बरें वाटतें, मग रोज कशाला?" असें म्हणून त्यांनीं त्या बंद केल्या. वास्तविक त्यांना पूर्वींहि कांहीं वाईट वाटत नव्हतें. पण ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नाहीं, माझ्याहि नाहीं. दाब उतरला होता तो गोळ्यांच्या जोरावर. त्या थांबल्या तसा तो पुन्हां चढला. वर्षभरानें श्रावणांतल्या एका सकाळीं ते पूजेला बसले असतां उजव्या हातांतली पळी गळून पडली. ओठ एका बाजूस ओढला गेला, शब्द जडावले. आम्हीं तेल कोमट करून हात चोळला. "वाताचा झटका आहे, उतरेल," असें म्हणणारा मीच. रुग्णालयांत पोंचेपर्यंत दुपार टळली होती. मेंदूंत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळविण्याचें औषध पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, हें मला तेथें कळलें. ते तास आम्हीं तेल चोळण्यांत घालविले होते. दादा त्यानंतर तीन वर्षें जगले. ज्यांनीं मला पाढे शिकविले, त्यांना सातापुढचा आंकडा आठवत नसे.

म्हणून सांगतों, तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें, बोलणें अडखळणें, यांतलें एक जरी एकाएकीं दिसलें तरी तेल शोधूं नये. १०८ वर फोन करावा किंवा मिळेल तें वाहन करून निघावें. आणि चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावांचून सोडूं नयेत.

दादांच्या त्या आजारानंतर पंधरा दिवसांनीं मीं आपला दाब मोजविला. १६८ वर १०२! त्याच सकाळीं मी पर्वती चढून उतरलों होतों, आणि मला कांहींहि होत नव्हतें. अर्थात् एका आंकड्यावरून निदान होत नाहीं. निरनिराळ्या दिवशीं मोजून तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक येऊं लागला, म्हणजे दाब वाढला असें समजतात. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन यावें, पांच मिनिटें पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावें, हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि तोंड बंद असावें. हें शेवटचें आम्हां मास्तरांस कठीण जातें.

आतां मिठाविषयीं थोडें. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते; म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, तोहि दिवसभराच्या साऱ्या पदार्थांत मिळून. "मी वरून मीठ घेत नाहीं," असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. पण लोणचें, पापड, सांडगी मिरची आणि फरसाण यांतलें मीठ कोणाच्या खात्यावर मांडावयाचें? सैंधव चालतें अशीहि एक समजूत आहे. सैंधव हेंहि मीठच. त्यांतला सोडियम उपवासाला चालला म्हणून धमन्यांना चालत नाहीं.

आमच्या घरीं सणाच्या दिवशीं ताटाच्या वरच्या अंगाला आधीं मीठ वाढण्याची रीत अद्याप मोडलेली नाहीं. मंडळी ती चिमूट मला नेमानें वाढतात, आणि ताट उचलतांना ती तशीच आहे ना, हें तितक्याच नेमानें पाहतात.