विहिरीवरचा स्टार्टर



सप्तशृंगीचा गड ज्या तालुक्यात आहे, तो गिरणाकाठचा कळवण तालुका माझा. कांद्याचा आणि विहिरीवरच्या मोटारींचा. नाशिकला कारखान्यात असताना कंट्रोल टेक्निशियनच्या मुलाखती घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्यातली एक आज सांगतो, कारण तिनं माझी प्रश्न विचारण्याची रीतच बदलली.

मुलगा कळवणजवळच्या खेड्यातला, आयटीआय इलेक्ट्रिशियन. मी इंग्रजीत विचारलं, 'लॅचिंग सर्किट समजावून सांगा.' तो गप्प. मी कागदावर शून्य लिहिलं. मग मराठीत विचारलं, 'घरी विहिरीवर मोटार आहे ना? हिरवं बटण दाबून बोट काढलं, तरी ती चालू कशी राहते?'

तो खुर्चीत पुढे सरकला. 'सर, बटण दाबलं की कॉइल कॉन्टॅक्टर ओढते. त्याच्याच अंगावरचा एक छोटा पॉइंट बटणाला समांतर जोडलेला असतो. तो मिटला की कॉइलला तिथून सप्लाय मिळत राहतो. लाईट गेली की कॉइल सोडते, आणि परत आली तरी मोटार आपसूक सुरू होत नाही. म्हणून तर वडिलांना रात्री उठून मळ्यात जावं लागतं.'

यालाच लॅचिंग म्हणतात. मी शून्य खोडलं. पुढे विचारलं, 'लाल बटणाचा पॉइंट एरवी मिटलेलाच का असतो?' 'वायर तुटली तर मोटार थांबली पाहिजे, सर.' मग मी दाबमापकाकडे वळलो. त्याचा सिग्नल 4 ते 20 मिलिअँपिअर असतो. शून्यापासून का नाही? थोडा विचार करून तो म्हणाला, 'शून्य आलं तर दाब नाही की वायर तुटली, हे कळणार नाही.' हे त्यानं पाठ केलेलं नव्हतं. लाल बटणाचाच विचार त्यानं एक पाऊल पुढे नेला होता.

ओळखीच्या भाषेतून विचारण्याचं हे तत्त्व यंत्रांच्या बाबतीतही दिसतं. 1968 मध्ये जनरल मोटर्सला रिलेंची पॅनेलं नको झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्यानं करावं लागे. त्याच सुमारास डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन हा पीएलसी, म्हणजे वायरिंगऐवजी प्रोग्रॅम बदलून चालवता येणारा कंट्रोलर, घडवला. त्याचा प्रोग्रॅम त्यांनी रिलेच्या आकृतीसारखा, शिडीच्या रूपात ठेवला, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला तो ओळखीचा वाटावा. यंत्रानं माणसाची भाषा घेतली. मुलाखत घेणाऱ्यानं ती का घेऊ नये?

इंग्रजी लागतंच, मॅन्युअल वाचायची असतात. पण ते नोकरीत शिकता येतं. बिघाडाचा माग काढण्याची सवय मात्र आधी पाहावी लागते: काय झालं ते ऑपरेटरला विचारणं, पॅनेलमध्ये हात घालण्याआधी सप्लाय बंद करून कुलूप लावणं, सेन्सर, इनपुट, आउटपुट या क्रमानं जाणं. 'हे मला माहीत नाही, पण असं तपासेन' हे उत्तर देणारा उमेदवार मला नेहमी मोलाचा वाटला.

तुमच्यापैकी कित्येकजण कारखान्यांत पॅनेलं उभी करतात, माणसं निवडतात. महिन्यातून एक तास काढा. गावाकडच्या आयटीआयतल्या एका मुलाची किंवा मुलीची फोनवर सरावाची मुलाखत घ्या. पहिला प्रश्न विहिरीवरच्या स्टार्टरचा विचारा, आणि उत्तर मराठीत पूर्ण ऐकून घ्या. त्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यानंतर सांगा.