शून्य लिहिण्याआधी



स्वागताध्यक्षाने जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावे, असा आपल्याकडचा संकेत. जेवण एक वाजता आहे. खाली मात्र लगेच बसत नाही; आधी संप्रेरकांच्या मोजणीविषयी थोडे बोलतो.

संप्रेरके रक्तात नळाच्या धारेसारखी वाहत नाहीत, ठोक्याठोक्याने येतात. अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांना जीएनआरएच हे मेंदूतले संप्रेरक अखंड दिले, तेव्हा त्याच्या इशाऱ्याने पिट्युटरीतून स्रवणारे एलएच खाली गेले. तेच जीएनआरएच तासातून ६ मिनिटे दिले, तर एलएच पुन्हा वर आले. हे १९७८ साली प्रसिद्ध झाले. औषध एकच, लय बदलली.

पण पातळी तळाला गेली की हा ठोका ऐकायचा कसा? माझ्या उमेदीच्या काळात लहान मुलांचे एलएच म्हणजे कागदावर सपाट रेघ. आम्ही खुशाल ‘स्राव नाही’ म्हणायचो. १९९० च्या सुमारास जास्त संवेदनशील चाचण्या आल्या आणि वयात येण्याआधीच्या मुलांतही रात्रीच्या झोपेत बारीक ठोके दिसले. ते आधीही पडतच होते. कान आमचे जड होते.

आता कान तिखट झाले, तर भास होऊ लागले! सत्तरच्या दशकातला ढोबळ नियम असा, की तळापासून २० टक्के वाढ म्हणजे ठोका. तळाशी मोजणीतली चूकच तेवढी असू शकते. मी स्वतः एका आलेखावर ऐटीत दोन ठोके दाखवले होते. त्याच नळ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या, दोन्ही गायब. तेव्हापासून एका माणसाचे सगळे नमुने एकाच फेरीत आणि दोन-दोनदा मोजायचे, हा आमचा नियम. खर्च वाढतो, हिशेबनीस कुरकुरतात. कुरकुरू द्या.

ठोके टिपायचे तर दर १० मिनिटांनी एक नमुना, म्हणजे २४ तासांत १४४ नमुने. पहाटे तीनला झोपलेल्या पोराला न उठवता सलाइनच्या सुईतून रक्त काढणारी सिस्टर, नळीवर वेळ लिहिणारा टेक्निशियन, यांचा हात एकदा चुकला की पुढचे सगळे गणित लंगडे. आलेखाखाली मात्र नाव आमचे.

ही मंडळी नेहमीप्रमाणे आजही मागे, दाराजवळ उभी दिसताहेत. पुढच्या दोन रांगा स्वागत समितीने त्यांच्यासाठीच राखल्या आहेत. या, पुढे बसा; मग दीपप्रज्वलन करू.